बफेलो आणि लिबर्टी निकेल: संग्रह व ग्रेडिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवराई किंवा ब्रिटिश काळातल्या रुपयांपासून सुरुवात केलेला संग्राहक अमेरिकी नाण्यांकडे वळला, की आधी टांकसाळीचे आकडे शोधतो. अमेरिकेत ते सहज मिळतात. कोणत्या वर्षी कोणत्या टांकसाळीने किती नाणी पाडली, सगळं छापील आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पाच सेंटच्या नाण्यांबाबत हा आकडा फार पुढे नेत नाही. नाणं किती झिजलं आणि मुळात त्याच्यावर ठसा किती नीट बसला होता, या दोन गोष्टींवर इथे जवळजवळ सगळं ठरतं. खालचे बरेचसे प्रश्न फिरून तिथेच येतात.

ही नेमकी कोणती नाणी?

अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याला निकेल म्हणतात. त्यात ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल असतं, वजन ५ ग्रॅम, व्यास २१.२ मिलिमीटर. आपल्याकडे १९०७ पासून आलेला कंगोरेदार कडेचा एक आणा याच जातीच्या मिश्रधातूचा.

या काळात दोन नमुने येतात. पहिला लिबर्टी निकेल, १८८३ ते १९१२. चार्ल्स बार्बरने केलेला, एका बाजूला लिबर्टीचं, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचं, मस्तक आणि दुसऱ्या बाजूला रोमन पाच. त्या आकड्यामुळे संग्राहक त्याला व्ही निकेल म्हणतात. दुसरा बफेलो निकेल, १९१३ ते १९३८. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर. एका बाजूला मूळ अमेरिकी पुरुषाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बायसन, ज्याला तिथे बफेलोही म्हणतात. चेहरा कुणा एकाचा नाही. फ्रेझरने अनेकांना समोर बसवून तो घडवला, त्यात लकोटा जमातीचा आयर्न टेल आणि शायान जमातीचा टू मून्स ही नावं त्याने स्वतः घेतली होती. अमेरिकेच्या चलनी नाण्यांत इतकं देखणं नाणं क्वचितच झालं असेल, असं माझं ठाम मत आहे.

बफेलो निकेलवर वर्षच दिसत नाही. नाणं खोटं आहे का?

खोटं नाही, झिजलेलं आहे. फ्रेझरने वर्षाचे आकडे खांद्याच्या उंचवट्यावर ठेवले. नाणं हातोहात फिरू लागलं की सगळ्यात आधी तेच घासले जातात. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं भाडं १९०४ पासून १९४८ पर्यंत एक निकेल होतं, यावरून ही नाणी किती हातांतून गेली असतील याचा अंदाज येतो. वर्ष पुसलेली बफेलो निकेल आजही किलोंच्या हिशेबाने मिळतात आणि त्यांना संग्राहकी मोल फारसं नाही.

टाइप १ आणि टाइप २ म्हणजे काय?

हा फरक फक्त १९१३ सालचा. आधीच्या नाण्यांवर बायसन मातीच्या उंचवट्यावर उभा आहे आणि ‘फाइव्ह सेंट्स’ ही अक्षरं त्या उंचवट्यावरच आहेत. तो टाइप १. अक्षरं लगेच झिजणार हे ध्यानात आल्यावर टांकसाळीने त्याच वर्षी उंचवटा कापून सपाट रेघ केली आणि अक्षरं तिच्याखाली खोलगट जागेत घेतली. तो टाइप २. किंमतीची अक्षरं वाचली, वर्षाचे आकडे मात्र पुढेही घासतच राहिले.

टाइप १ त्या वर्षी नवलाई म्हणून अनेकांनी जपून ठेवला. एकट्या फिलाडेल्फियात ३ कोटी ९ लाख ९२ हजार नाणी पडली होती. त्यामुळे सुंदर अवस्थेतलं बफेलो निकेल स्वस्तात हवं असेल तर १९१३ फिलाडेल्फिया टाइप १ शोधा. फ्रेझरच्या मूळ कामाचा खडबडीत, मातीत बोटं फिरवल्यासारखा पोत टाइप १ वर जास्त टिकला आहे.

टांकसाळीची खूण कुठे असते?

बफेलोच्या मागच्या बाजूला, ‘फाइव्ह सेंट्स’च्या खाली. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, खूण नसेल तर फिलाडेल्फिया. लिबर्टी निकेल १९१२ पर्यंत फक्त फिलाडेल्फियात पडत. शेवटच्या वर्षी डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोतही पडली, तेव्हा खूण मागच्या बाजूला ‘सेंट्स’ शब्दाच्या डावीकडच्या ठिपक्याजवळ आली.

खरोखर दुर्मिळ कोणती मानायची?

लिबर्टी मालिकेत विसाव्या शतकातलं नाव एकच, १९१२-एस. फक्त २ लाख ३८ हजार नाणी, तीही डिसेंबरच्या अगदी अखेरीस पाडलेली. २८ डिसेंबर १९१२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोची महापालिकेची ट्राम सुरू झाली, तेव्हा महापौर जेम्स रॉल्फ यांनी पहिलं भाडं याच ताज्या निकेलांपैकी एक देऊन भरलं. (याच मालिकेतली १८८५ आणि १८८६ ही वर्षंही दुर्मिळ, पण ती आधीच्या शतकातली.)

बफेलोमध्ये गोष्ट गुंतागुंतीची आहे. सगळ्यात कमी आकडा १९२६-एसचा, ९ लाख ७० हजार. दहा लाखांच्या आतलं या मालिकेतलं हे एकमेव नाणं. त्यानंतर १९३१-एस, १२ लाख. आणि १९१३-एस टाइप २, १२ लाख ९ हजार. हे आकडे पाहून १९३१-एस आणि १९१३-एस सारखीच दुर्मिळ वाटतील. तसं नाही. १९३१ पर्यंत नाणी जमवण्याचा छंद वाढला होता, आकडा कमी असल्याची खबर लवकर पसरली आणि लोकांनी १९३१-एस नवंकोरं असतानाच बाजूला ठेवलं. आज ते न वापरलेल्या अवस्थेत सहज मिळतं. १९१३-एस टाइप २ मात्र तेव्हा बरंचसं वापरात गेलं आणि कोऱ्या अवस्थेत महाग आहे.

१९२६-एसची दशा त्याहून वाईट. ते फारसं कुणी जपलं नाही आणि जे वाचलं त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर ठसाच कच्चा आहे. झिजलेलं १९२६-एस एखाद्या पगारदार माणसाला झेपेल, कोरं आणि स्वच्छ ठशाचं मात्र मोठ्या लिलावातच भेटतं. त्या दोन नाण्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

याच्या उलट टोकाला १९२६-डी. ५६ लाख ३८ हजार नाणी पडली, म्हणजे कागदावर सामान्य. पण ठसा इतका सपाट की बायसनच्या डोक्यावर नीट केस दिसणारं नाणं मिळवायला वर्षं जातात. १९२१-एस आणि १९२४-एसही यादीत हवीतच, दोन्ही पंधरा लाखांच्या आसपास. १९२२, १९३२ आणि १९३३ या वर्षांची निकेल शोधत बसू नका, त्या वर्षी ती पडलीच नाहीत.

ग्रेड म्हणजे काय, आणि बायसनच्या शिंगाचं एवढं महत्त्व का?

ग्रेड म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा दर्जा, तो १ ते ७० अशा शेल्डन मोजपट्टीवर देतात. ६० च्या खालचं नाणं वापरलेलं. ६० पासून पुढे न वापरलेलं, त्याच्या आधी ‘एमएस’ (मिंट स्टेट) लावतात. जी-४ (गुड), व्हीजी-८ (व्हेरी गुड), एफ-१२ (फाइन), व्हीएफ-२० (व्हेरी फाइन), ईएफ-४० (एक्स्ट्रीमली फाइन), एयू-५० (अबाउट अनसर्क्युलेटेड, जवळजवळ न वापरलेलं) या खालच्या पायऱ्या.

बफेलोचं शिंग उंचवट्यावर आणि निमुळतं असल्यामुळे ते टप्प्याटप्प्याने झिजतं, म्हणून मोजायला सोयीचं. जी-४ मध्ये वर्ष वाचता येतं पण शिंग गेलेलं असतं आणि कडा अक्षरांना भिडू लागते. व्हीजी-८ मध्ये साधारण अर्धं शिंग. एफ-१२ मध्ये पाऊण. व्हीएफ-२० मध्ये बहुतेक सगळं. ईएफ-४० मध्ये टोकासकट, शिवाय शेपूट स्पष्ट. नुसतं शिंग बघून ‘व्हीएफ’ म्हणून विकणारे पुष्कळ भेटतात. नाणं उलटा. पुरुषाच्या गालाचं हाड, वेणीच्या वरचे केस आणि वेणीची गुंफण याच दर्जाची नसेल, तर ग्रेड कमी असलेल्या बाजूकडे झुकते.

माझ्या नाण्याला चकाकी आहे, पण शिंग अर्धवट आहे. ग्रेड काय?

हा या मालिकेतला सगळ्यात कठीण आणि सगळ्यात सुंदर प्रश्न आहे. इथे जो घाई करतो त्याचे पैसे जातात.

तांबं आणि निकेलचं हे मिश्रण कठीण असतं, त्यामुळे डाय, म्हणजे ठसा मारायचे साचे, लवकर खराब होत. १९२० च्या दशकात डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोत एकेक डाय शक्य तितकी चालवली जाई. दोन डायमधलं अंतर थोडं जास्त ठेवलं की त्या जास्त दिवस टिकत, पण धातू खोलगट भागांत पूर्ण भरत नसे. नाण्यावरचा सगळ्यात उंच भाग म्हणजे डायमधला सगळ्यात खोल भाग. त्यामुळे ठसा कच्चा बसला की शिंग, डोक्यावरचे केस, शेपूट आणि वेणीवरचे केस हेच आधी गायब होतात. दुर्दैवाने झीज होते तीही याच जागांवर. एखादं नाणं टांकसाळीतून बाहेर पडतानाच शिंगाविना असू शकतं आणि तरीही ते न वापरलेलंच असतं.

फरक ओळखायचा तो प्रकाशात. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, एकच पिवळा बल्ब ठेवा, नाणं कडेने धरा आणि सावकाश फिरवा. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा पृष्ठभागावरून न तुटता सरकतो, अगदी सपाट भासणाऱ्या खांद्यावरून आणि गालावरूनसुद्धा. वापरलेल्या नाण्यावर तो पट्टा त्या उंच जागी अडतो, तिथे करडा, मंद डाग दिसतो. दुसरी खूण भिंगातून. जिथे धातू डायपर्यंत पोचलाच नाही, तिथे ठसा मारण्याआधीच्या कोऱ्या चकतीवरचे बारीक ओरखडे आणि खड्डे तसेच राहिलेले असतात. झीज झालेली जागा गुळगुळीत असते, कारण लोकांच्या बोटांनी ती घासलेली आहे. दहा पटींचं भिंग त्याला पुरतं.

म्हणून १९२६-डी किंवा १९२५-एस पाहताना ‘शिंग नाही म्हणजे व्हीजी’ हा नियम लावू नका. आणि १९३७ फिलाडेल्फियाला ‘ठसा कच्चा असेल’ ही सवलत देऊ नका, त्या वर्षी ठसे चांगलेच बसत. प्रत्येक वर्ष आणि टांकसाळीचा स्वभाव वेगळा आहे, तो नाणी पाहून पाहूनच कळतो. माझ्या मते चकाकी अखंड असलेलं कच्च्या ठशाचं नाणं आणि स्पष्ट ठशाचं हलकं वापरलेलं नाणं यांत निवड करायची झाली, तर १९२० च्या दशकातल्या पश्चिमेकडच्या टांकसाळींसाठी दुसरं घ्यावं. फ्रेझरने काय घडवलं होतं ते त्यावर दिसतं.

लिबर्टी निकेलचं ग्रेडिंग कसं करायचं?

तुलनेने सोपं. मस्तकावरच्या पट्टीवर ‘लिबर्टी’ शब्द आहे. एफ-१२ मध्ये त्याची सगळी अक्षरं वाचता यायला हवीत, व्हीजी-८ मध्ये निदान तीन. कच्चा ठसा इथेही त्रास देतो, पण तो ताऱ्यांच्या मध्यरेषांवर आणि मागच्या हारातल्या डावीकडच्या कणसावर दिसतो. कोऱ्या नाण्यावरही त्या कणसाचे दाणे अनेकदा भरलेले नसतात.

तीन पायांचं बफेलो ओळखायचं कसं?

१९३७-डी. डेन्व्हरमध्ये मध्ये चकती नसताना दोन डाय एकमेकींवर आदळल्या आणि त्यांच्यावर खुणा उमटल्या. त्या घालवायला डाय घासली गेली, जास्तच घासली गेली आणि बायसनचा पुढचा उजवा पाय नाहीसा झाला. खूर मात्र राहिला.

सामान्य १९३७-डीचा पाय कोरून काढून फसवणूक फार पूर्वीपासून चालत आली आहे. अस्सल नाण्यावर पोटाखालून जमिनीकडे जाणारी बारीक उंचवट्यांची एक ओळ असते. मागच्या पायाचा भागही किडीने खाल्ल्यासारखा बारीक दिसतो. बनावट नाण्यावर पाय गेलेला असतो, पण ही ओळ नसते, आणि पायाच्या जागी हत्याराचे ओरखडे भिंगातून दिसतात. १९३६-डीमध्ये साडेतीन पायांचंही एक नाणं आहे, त्याचंही कारण घासाईच.

‘१९१८ वर ७’ आणि १९१६ चं दुहेरी वर्ष हा काय प्रकार?

त्या काळी डाय तयार करताना मूळ आकृती तिच्यावर एकापेक्षा जास्त वेळा दाबावी लागे. डेन्व्हरसाठीच्या एका डायवर एकदा १९१७ ची आणि नंतर १९१८ ची आकृती दाबली गेली. ८ च्या आत ७ ची आडवी रेघ दिसते. १९१६ फिलाडेल्फियाच्या एका डायवर दुसरी दाब सरकून बसली, त्यामुळे वर्ष दोनदा उमटलं. दोन्ही फार महाग, आणि दोन्ही बऱ्याचदा झिजलेल्या अवस्थेतच सापडतात, म्हणून प्रमाणित केल्याशिवाय विकत घेऊ नका.

माझ्याकडे १९१३ चं लिबर्टी निकेल आहे असं वाटतं.

जगात पाचच ज्ञात आहेत आणि पाचही कुठून कुठे गेली ते माहीत आहे. अधिकृतपणे १९१३ मध्ये लिबर्टी निकेल पडलीच नव्हती. टांकसाळीत काम केलेल्या सॅम्युएल ब्राउनने १९१९ मध्ये ती विकत घेण्याची जाहिरात दिली आणि १९२० मध्ये शिकागोच्या संग्राहक संमेलनात एक नाणं दाखवलं. पुढे पाचही कर्नल ग्रीन या संग्राहकाकडे एकत्र होती. एक इजिप्तच्या राजा फारूककडेही गेलं. टेक्सासच्या मॅक्स मेहल या विक्रेत्याने अशा प्रत्येक नाण्यासाठी ५० डॉलर देऊ, अशा जाहिराती देशभर दिल्या. लोकांनी खिसे चाचपले, सापडलं कुणालाच नाही.

पाचांपैकी एकाची कथा चटका लावणारी आहे. त्याचे मालक जॉर्ज वॉल्टन १९६२ मध्ये मोटार अपघातात गेले. नाणं वर्ष बदलून केलेलं बनावट आहे, असं त्यांच्या कुटुंबाला सांगण्यात आलं. बहिणीने ते फेकलं नाही, कपाटात ठेवलं. २००३ मध्ये बाल्टिमोरला तज्ज्ञांनी ते उरलेल्या चारांशेजारी ठेवून तपासलं आणि अस्सल ठरवलं. २०१३ मध्ये ते ३१ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. दोन नाणी आज संग्रहालयांत आहेत, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आणि एक कोलोराडो स्प्रिंग्सला.

तुमच्याकडचं नाणं बहुधा १९१० किंवा १९१२ चं असेल आणि कुणीतरी शेवटचा आकडा बदललेला असेल.

बनावट आणखी कोणत्या प्रकारची?

सर्वांत जास्त ती खूण चिकटवलेली. स्वस्त फिलाडेल्फिया नाण्यावर ‘एस’ लावून १९१२-एस, १९१३-एस किंवा १९२६-एस केलं जातं. खुणेच्या तळाशी सांध्याची रेघ, आजूबाजूला रंगातला फरक आणि खुणेची जागा भिंगातून तपासा. एका अस्सल नाण्याचा मोठा फोटो शेजारी ठेवा. हल्ली पूर्णपणे नव्याने पाडलेली बनावट नाणीही येतात. दशांश चिन्हानंतर तीन आकडे दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. ५ ग्रॅमपेक्षा बरंच वेगळं वजन भरलं तर पुढे जायचं कारण नाही.

नाणं काळवंडलंय. साफ करू का?

नाही. चिंच नाही, लिंबू नाही, रांगोळी नाही, सोनाराकडची पॉलिशही नाही. घासलं की तो प्रकाशाचा पट्टा कायमचा मरतो आणि जाणकाराला ते क्षणात दिसतं. प्लॅस्टिकमधून आलेला हिरवा चिकट थर असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता, काढता येतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसपासून लांब राहा.

पुसलेलं वर्ष रसायनाने वर आणता येतं का?

येतं. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की जिथे आकडे दाबले गेले होते तिथला धातू वेगळ्या गतीने विरघळतो आणि वर्ष भुतासारखं उमटतं. त्या जागी खडबडीत डाग राहतो, आणि नाणं ‘खराब केलेलं’ या वर्गात जातं. मुलांसोबत वर्ष नसलेल्या नाण्यांवर करून पाहायला हरकत नाही. एखादं दुर्मिळ वर्ष असं निघालंच, तरी किंमत त्याच वर्षाच्या नैसर्गिक नाण्याच्या जवळपास जात नाही.

प्रमाणित, म्हणजे स्लॅबमधलं नाणं घ्यावं का?

महाग वर्षांसाठी हो. पीसीजीएस ही अमेरिकी कंपनी १९८६ पासून आणि एनजीसी ही दुसरी १९८७ पासून नाणी तपासून, ग्रेड देऊन बंद डबीत देतात, तीच स्लॅब. खोटेपणापासून ते मोठं संरक्षण आहे. पण डबीवरचा आकडा ठसा किती पूर्ण आहे ते नेहमी सांगत नाही. एकाच ग्रेडची दोन १९२६-डी शेजारी ठेवली तर एकावर बायसनचे केस दिसतील, दुसऱ्यावर गुळगुळीत कपाळ. नाणं बघा, मग चिठ्ठी वाचा. ‘डीटेल्स’ लिहिलेलं असेल तर नाणं अस्सल आहे पण साफ केलेलं किंवा इजा झालेलं आहे.

सुरुवात कुठून करू?

प्रत्येक नमुन्याचं एकेक नाणं असा छोटा संच करा. टाइप १, टाइप २, दोन्ही बाजू नीट दिसणारं एक लिबर्टी निकेल. मग १९३४ ते १९३८ ची बफेलो, ती चांगल्या अवस्थेत परवडतात. त्यानंतर एखादं १९२० च्या दशकातलं डेन्व्हर नाणं घ्या आणि ते महिनाभर बल्बखाली फिरवत राहा. १९२६-एस त्यानंतर बघता येईल. सगळ्यात आधी ते घेणारे बहुतेक जण झिजलेलं घेतात, आणि पुढे चांगलं परवडतं तेव्हा पहिलं विकायला धडपडतात.

मुंबई किंवा कोकणात ठेवायचं तर?

मऊ पीव्हीसीचे पाकीट टाळा, दमट हवेत तोच हिरवा थर त्यातून येतो. पॉलिएस्टरची पाकिटं किंवा कडक डब्या, सोबत सिलिका जेल, ते पावसाळ्यात बदलत राहा. नाणी लाकडी कपाटात, नॅप्थलीनच्या गोळ्यांजवळ ठेवू नका.

अमेरिकेतून भारतात आणून पुन्हा परत नेता येतात का?

आणताना सीमाशुल्काचे नियम पाहा आणि खरेदीची पावती जवळ ठेवा. परत नेण्याचा प्रश्न जास्त अवघड. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृतींविषयीच्या कायद्यात १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावशेषाच्या व्याख्येत येतं आणि परवानगीशिवाय त्याची निर्यात करता येत नाही. १९१२-एस किंवा १९१३ ची बफेलो नाणी आता या वयाची झाली आहेत, १९२६-एसही शंभरीला आलं आहे. त्यामुळे दोन्हीकडे येणं-जाणं असलेल्यांनी मौल्यवान नाणी अमेरिकेतच बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावीत आणि इकडे नातेवाइकांना दाखवायला मोठे, स्पष्ट फोटो आणावेत.